देवाचं नाव घेऊन मत मागितलं तर?

(महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेल्या आणि नोकरीभर निवडणुकीचं काम केलेल्या बाई या सदरात वाचकांना उत्तरं देतात. या वेळचे बरेचसे प्रश्न धर्म आणि राजकारण यांवर आले आहेत.)

प्रश्न : आमच्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह होतो. मंदिराचा ट्रस्ट आहे, मी विश्वस्त आहे. यंदा काल्याच्या महाप्रसादाचा सगळा खर्च एक उमेदवार उचलतोय. बदल्यात काल्याच्या कीर्तनाआधी पाच मिनिटं माइक मागतोय. निम्मे विश्वस्त म्हणतात, अन्नदानाला नाही म्हणू नये. मला पटत नाही, पण शब्द सापडत नाहीत. — एक विश्वस्त, लातूर जिल्हा

भाऊ, माइक देऊ नका. आधी एक प्रसंग सांगते, कायदा मग बघू.

एका विधानसभेला माझ्याकडे भरारी पथक होतं. मी, एक पोलीस शिपाई, एक व्हिडिओवाला आणि भाड्याची जीप. रात्री नऊच्या सुमाराला निरोप आला की अमुक गावात सप्ताहाच्या कीर्तनात प्रचार चाललाय. आम्ही पोचलो तेव्हा उमेदवार गळ्यात पक्षाचं उपरणं घालून कीर्तनकार महाराजांच्या पाया पडत होते. उठले आणि त्यांनी माइक धरला. दोन-तीन वाक्यं रस्त्याबद्दल झाली. मग म्हणाले, "आपला देव, आपला धर्म आणि आपला माणूस."

सप्ताहात विणा जमिनीवर टेकवत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. पहारा बदलला की एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. त्या वेळी पहाऱ्यावर सत्तरीचे एक आजोबा होते. ते सावकाश चालत माइकसमोर आले, उमेदवाराकडे बघितलंसुद्धा नाही आणि "ज्ञानोबा माउली तुकाराम" सुरू केलं. मागून पंचवीस-तीस टाळ एकदम पडले. पखवाजवाल्याने थाप दिली. उमेदवारांचे ओठ हलताना दिसत होते, पण ऐकू काही येत नव्हतं. शेवटी ते हात जोडून खाली बसले आणि थोड्या वेळाने निघून गेले.

मी रीतसर अहवाल पाठवला. दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला गेले तेव्हा आजोबा म्हणाले, "मॅडम, आमच्या वस्तीचा रस्ता गेल्या साली वाहून गेला. उद्या हा निवडून आला आन् मी रस्ता मागायला गेलो, तर हा म्हणणार, बाबा, तुमच्या सप्त्याला आलो होतो की. मग मी काय बोलायचं? देवाच्या दारात त्याचं खाल्लेलं असणार मी."

तुम्हाला हवे होते ते शब्द हेच असावेत. देवापुढे आपण हिशोब मागत नाही, डोकं टेकवतो. आमदाराला मात्र हिशोब विचारायचा असतो. दोघांना एका मंडपात उभं केलं की टेकवलेलं डोकं वर करायची चोरी होते.

आता कायदा. आचारसंहितेत स्पष्ट आहे की मंदिर, मशीद, चर्च किंवा कुठलंही प्रार्थनास्थळ प्रचाराचं व्यासपीठ करायचं नाही. त्याहून कडक आहे तो १९८८ चा धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) अधिनियम. धार्मिक संस्थेची जागा, तिचा पैसा, तिचे उत्सव आणि मिरवणुका राजकीय कामासाठी वापरू द्यायच्या नाहीत, आणि ही जबाबदारी संस्थेच्या चालकांवर आहे. म्हणजे तुमच्यावर. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. तो निवडणुकीपुरताच लागू असतो असंही नाही, बारा महिने लागू असतो. बहुतेक ट्रस्टींना हे माहीतच नसतं. मी शांतता समितीच्या बैठकांत सांगायचे तेव्हा लोक चमकून बघायचे.

उमेदवाराला नम्रपणे सांगा: निवडणूक झाल्यावर या, निकाल काहीही लागो. पावती फाडू, पंगतीत मानाने बसवू. खरंच अन्नदान करायचं असेल तर ते पुढच्या वर्षीही करतील. यंदाची पंगत गाव घरटी शिधा गोळा करून उठवेल. इतकी वर्षं तुमचा सप्ताह तसाच झाला असणार.

प्रश्न : मी यंदा पहिल्यांदा मतदान करणार आहे. आमच्याकडच्या सभेत उघडपणे धर्माच्या नावावर मतं मागितली गेली. तक्रार करू म्हटलं तर मित्र म्हणाले, 'सुप्रीम कोर्टानेच हिंदुत्वाला परवानगी दिलीय, तू कोण?' खरं काय? — एक विद्यार्थिनी, पुणे

अर्धं खरं आहे, बाळ, आणि उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चं कलम १२३(३) काढून वाच. उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कुणी धर्म, वंश, जात, जमात किंवा भाषा यांच्या नावाने मत द्या किंवा देऊ नका म्हटलं, तर तो भ्रष्ट आचार ठरतो. तो सिद्ध झाला की निवडणूक रद्द होते आणि सहा वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते.

तुझे मित्र ज्याबद्दल बोलतायत ते ११ डिसेंबर १९९५ चे निकाल. हिंदुत्व ही जीवनपद्धती म्हणूनही समजली जाते, असं त्यात म्हटलंय. दादरच्या १९९० च्या निवडणुकीत महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य आणू असं विधान झालं होतं. तेवढ्यावरून तो भ्रष्ट आचार होत नाही असं कोर्टाने म्हटलं आणि मनोहर जोशी यांची निवड कायम राहिली. लोकांना इतकंच आठवतं. पण त्याच दिवशी, त्याच कोर्टाने विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक रद्द झाल्याचा उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. डॉ. रमेश प्रभू यांची ती निवड होती, कारण होतं प्रचारातली भाषणं. ती भाषणं करणारे बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क पुढे सहा वर्षांसाठी काढून घेतला गेला. एकाच दिवसाच्या निकालातलं एक वाक्य घ्यायचं आणि रद्द झालेली निवडणूक विसरायची, हे बरोबर नाही.

त्यानंतर आला २ जानेवारी २०१७ चा सात न्यायाधीशांचा निकाल. हे प्रकरणही मुंबईचंच, १९९० च्या सांताक्रूझच्या निवडणुकीतलं. मुद्दा होता एका शब्दाचा. कलमात 'त्याच्या' धर्माच्या नावावर असं आहे, आणि हा 'त्याच्या' १९६१ च्या दुरुस्तीत आला. तो कोणाचा? फक्त उमेदवाराचा, की मतदाराचासुद्धा? चार विरुद्ध तीन मतांनी ठरलं: मतदाराचासुद्धा. म्हणजे 'मी अमुक धर्माचा, मला मत द्या' जितकं गैर, तितकंच 'तुम्ही अमुक धर्माचे, म्हणून मला मत द्या' हेही.

तीन न्यायाधीशांचा विरोध मी हलक्यात घेत नाही. त्यांची काळजी अशी की जातीमुळे, धर्मामुळे ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला त्यांनी तो निवडणुकीत बोलून दाखवायचाच नाही का? मी दलित वस्त्यांच्या मतदान केंद्रांवर केंद्राध्यक्ष म्हणून रात्री काढल्यात. हा प्रश्न मला टोचतो. माझं उत्तर असं की 'आम्ही या जातीचे म्हणून आमच्या वस्तीत नळ आला नाही' असं म्हणणारा हिशोब मागतोय. 'मी तुमच्यातला, बाकी काही विचारू नका' म्हणणारा हिशोब बंद करतोय. पहिल्याला रान मोकळं असायलाच हवं.

आता तू काय करायचंस? निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर जागेवरूनच फोटो किंवा व्हिडिओ टाक, तक्रारीवर शंभर मिनिटांत कारवाई करण्याची व्यवस्था आहे. नंतर गॅलरीतला जुना व्हिडिओ टाकता येत नाही, त्यामुळे हे सभेतच करावं लागतं. निवडणूक रद्द व्हावी असं वाटत असेल तर उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते. ती त्या मतदारसंघातला कुठलाही मतदार करू शकतो, म्हणजे तूसुद्धा. मुदत निकालापासून ४५ दिवस, अनामत दोन हजार रुपये. मुदत एका दिवसाने चुकली तरी याचिका जाते.

मन खट्टू होतं ते वेळेमुळे. १९९० च्या निवडणुकीतल्या शब्दाचा अर्थ २०१७ मध्ये लागला. कायद्यात तर सहा महिन्यांत याचिका निकाली काढायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय. म्हणूनच मी म्हणते, कोर्टाआधी सभेत उठून विचार. 'धर्माचं ऐकलं, पाण्याचं सांगा.' एवढं विचारायला ना वकील लागतो ना अनामत.

प्रश्न : धर्मनिरपेक्ष म्हणजे देवधर्म न मानणारा का? — एक वाचक, नांदेड

नाही. निरपेक्ष राहायचं ते सरकारने. तुम्ही खुशाल माळकरी व्हा, रोजे ठेवा, नाहीतर काहीच मानू नका. कलम २५ ने तो हक्क दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. कलम २७ म्हणतं, एका धर्माच्या प्रसारासाठी कर द्यायची सक्ती कुणावर करता येणार नाही. कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण देता येत नाही. उद्देशिकेतला शब्द १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आला. आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांत तो 'धर्मनिरपेक्ष' असा छापतात, हिंदीत 'पंथनिरपेक्ष'. बरेचसे वाद शब्दाच्या या फरकातून होतात. ही तीन कलमं वाचली तर वाद करायला फारसं उरत नाही.

प्रश्न : २०२३, २०२४, २०२५ — सलग तीन वर्षं ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकत्र आल्या. आमच्या गल्लीत काहीजण म्हणतात, 'हे मुद्दाम आपल्याच दिवशी जुलूस काढतात.' माझा मुलगाही तेच बोलू लागलाय. त्याला काय सांगू? — एक आई, जालना

ताई, मुलाला गच्चीवर न्या आणि चंद्र दाखवा. मी खरंच सांगतेय.

दोन्ही सण चंद्रावर चालतात. अनंत चतुर्दशी म्हणजे भाद्रपद शुद्ध चौदा. ईद-ए-मिलाद रबिउल अव्वल महिन्याच्या बारा तारखेला. आपला महिना अमावास्या संपली की सुरू होतो, त्यांचा चंद्रकोर दिसल्यावर, म्हणजे एक-दोन दिवसांनी. त्यांची बारा आणि आपली चतुर्दशी एकाच दिवशी किंवा लागोपाठ येणारच, महिना जुळला पाहिजे इतकंच.

महिना कधी जुळतो? चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याच्या वर्षाहून सुमारे अकरा दिवस लहान. आपण अधिक महिना घालून ती तूट भरून काढतो, हिजरी कालगणनेत अधिक महिना नाही. त्यामुळे दोन अधिक महिन्यांच्या मधल्या काळात दोन्ही पंचांगं बरोबरीने चालतात. २०२३ ला अधिक श्रावण आला, नंतरचा अधिक महिना २०२६ चा ज्येष्ठ. मधली तीन वर्षं सण हातात हात घालून आले, आणि २०२६ पासून महिनाभराचं अंतर पडतं. पुन्हा जुळायला साधारण बत्तीस-तेहतीस वर्षं लागतात. कोण मुद्दाम चंद्र हलवणार?

मुलाला हेही सांगा की २८ सप्टेंबर २०२३ ला दोन्ही एकाच दिवशी आले, तेव्हा मुंबईसह अनेक ठिकाणी मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवसावर नेला आणि सरकारने सुट्टीही २९ ला दिली. शांतता समितीच्या बैठका मी आयुष्यभर पाहिल्यात. त्यात भाषणं करणारे वेगळे आणि कामाचे वेगळे. कामाची माणसं नकाशावर बोट ठेवून विचारतात, 'तुमची शेवटची गाडी चौकातून किती वाजता सुटते?' अजानच्या वेळी ढोल दहा मिनिटं थांबवायचा, हे मंडळाचा कार्यकर्ता आपणहून लिहून घेतो. सांगली जिल्ह्यात गोटखिंडीला तर गणपती मशिदीतच बसतो, मुलाला एकदा गणपतीत तिथे घेऊन जा.

प्रश्न : मी एसटीत चालक होतो. माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र, त्याच डेपोतला वाहक, मुसलमान आहे. निवडणुकीच्या काळात निवृत्तांच्या ग्रुपवर मी त्यांच्या समाजाबद्दलचा एक मेसेज पुढे ढकलला, न वाचता. तो ग्रुपमधून बाहेर पडला. पाच महिने झाले, बोलणं नाही. फोन करायला हात धजत नाही. — एक वाचक, सोलापूर

काका, 'न वाचता' हे त्याला सांगू नका. तुम्हाला ते कारण वाटतं, त्याला पळवाट वाटेल. ज्याच्या डबल बेलवर विश्वास ठेवून तुम्ही अंधारात गाडी पुढे काढलीत, त्या माणसाला आपला मित्र आपल्याबद्दल असं पसरवतो हे मोबाइलवर वाचावं लागलं. तो मेसेज ज्याने बनवला त्याचं काम निवडणुकीबरोबर संपलं. तो तुमचं मत मोजून निघूनही गेला. नुकसान राहिलं ते तुम्हा दोघांचं.

आधी ग्रुपवर लिहा. अपमान चारचौघांत झाला, तर माफीही तिथेच हवी. 'तो मेसेज मी टाकला होता, तो चुकीचा होता, मला वाईट वाटतं.' बस. नंतर कुणी वाद काढला तर उत्तर देऊ नका.

मग त्याच्या घरी जा. फोन नको, फोन न उचलणं सोपं असतं. एकटे जा. दार त्याच्या बायकोने उघडलं तर तिचीही माफी मागा, तिनेही तो मेसेज वाचला असणार. राजकारणाचा विषय काढू नका, त्याने काढला तर ऐकून घ्या, आणि तो गप्प बसला तर तुम्हीही गप्प बसा. चहा आला तर पिऊन उठा. नाही आला तर पुढच्या आठवड्यात परत जा.