निवारा केंद्रावर लक्ष ठेवायचंय? आधी नोंदवही मागा

तुमची अडचण मला अशी समजली: नगरपालिकेच्या श्वान निवारा केंद्रात कुत्री आजारी पडतात, काही मरतात, नागरिकांना आत सोडत नाहीत. दोन निवेदनं दिलीत, दोन्हींवर ‘उचित कार्यवाही करण्यात येत आहे’ एवढंच उत्तर आलं. आता मोर्चा काढावा का, असं तुम्ही विचारताय.

मोर्चा आत्ता नको. आमच्या गावात आम्ही तिथूनच सुरुवात केली होती, म्हणून सांगतो. वीस-बावीस जण फाटकासमोर जमलो, घोषणा दिल्या, एकाने कुंपणावर चढून व्हिडिओ काढला. तिसऱ्या दिवशी अख्ख्या कुंपणाला हिरवी जाळी लागली आणि फाटकावर ‘विनापरवानगी प्रवेश निषिद्ध’ अशी पाटी आली. आमच्या आंदोलनाची एवढीच फलनिष्पत्ती.

निवेदनात चूक कुठे होते ते बघा. ‘प्राण्यांची नीट काळजी घ्या’ असं लिहिलं की साहेब ‘घेत आहोत’ असं लिहून मोकळे होतात. त्यांच्याकडे असायलाच हवा असा कागद मागितला तर एक तर तो द्यावा लागतो, नाहीतर नाही असं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. आपल्याला दोन्ही चालतं. खरं सांगायचं तर दुसरं जास्त चालतं.

पहिला कागद समितीचा. १० मार्च २०२३ ला प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ (भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण कसं करायचं याचे नियम) लागू झाले आणि २००१ चे जुने नियम गेले. नव्या नियमांत स्थानिक पातळीवर देखरेख समिती सांगितली आहे. तिचे अध्यक्ष महापालिकेत आयुक्त, नगरपालिकेत मुख्याधिकारी. पशुसंवर्धन विभाग, जिल्ह्याची प्राणिक्लेश प्रतिबंधक सोसायटी, प्राणी कल्याण संस्था यांचे प्रतिनिधी सदस्य. बैठक दर महिन्याला. म्हणजे ज्यांच्या टेबलावर तुम्ही निवेदन ठेवलंत, देखरेखीची जबाबदारी मुळात त्यांचीच. तेव्हा ‘आमच्या केंद्रावर समिती नेमा’ अशी मागणी करू नका, ती केली की ‘विचाराधीन आहे’ हे उत्तर ठरलेलं. समिती स्थापन केल्याच्या आदेशाची प्रत आणि मागच्या बारा बैठकांची इतिवृत्तं मागा. आमच्याकडे आदेश निघाला, इतिवृत्त मात्र एकच, तेही चहापानाच्या उल्लेखासकट दीड पानाचं.

माहिती अधिकाराचा अर्ज लिहिताना महाराष्ट्रातली एक गंमत लक्षात ठेवा: अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय. आमच्या एका उत्साही मित्राने चार पानी अर्ज दिला, तो ‘एकापेक्षा अधिक विषय’ असा शेरा मारून परत आला. त्यापेक्षा दहा-दहा रुपयांचे पाच छोटे अर्ज करा. समितीचा एक, निविदा आणि करारनाम्याचा एक, देयकांचा एक, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने केंद्र चालवणाऱ्या ठेकेदार संस्थेला दिलेल्या प्रकल्प मान्यता प्रमाणपत्राचा एक, मृत्यूंच्या नोंदीचा एक. ‘ही माहिती ठेकेदार संस्थेकडे आहे’ असं उत्तर हमखास येतं. तेव्हा अपिलात कलम २(च) दाखवा. जी माहिती कार्यालय कायद्याने त्या संस्थेकडून मागवू शकतं तीसुद्धा ‘माहिती’च आहे, आणि करारात अहवाल द्यायची अट असते.

पण अर्जापेक्षा मला सोमवार आवडतो. २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीपर्यंतच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख बघता येतात. झेरॉक्स प्रतीत जे दिसत नाही ते मूळ वहीत दिसतं. नसबंदी शस्त्रक्रियांच्या नोंदवहीची पानंच्या पानं एकाच निळ्या पेनाने, एकाच अक्षरात, एका बैठकीत लिहिल्यासारखी. ‘कुठून पकडले’ या रकान्यात पहिल्या ओळीत एका चौकाचं नाव आणि खाली पानभर वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. आता कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असा नियम आहे. एका चौकातून पानभर कुत्री निघाली असतील तर तो चौक बघायलाच जायला हवं. आमच्यातल्या दोघी खरंच गेल्या आणि दोन संध्याकाळी कानाला खाच (नसबंदी झाल्याची खूण) असलेली कुत्री मोजून आल्या. सहा.

पुढचं गणित मात्र सगळ्यात उपयोगी पडलं. आमच्याकडे पिंजरे ३६. शस्त्रक्रियेनंतर कुत्रं किमान ४ दिवस केंद्रात ठेवायचं असतं, आधीचा एक दिवस तपासणी आणि उपाशी ठेवण्यात जातो. म्हणजे प्रत्येक कुत्र्यामागे पिंजरा ५ दिवस अडकतो. ३६ गुणिले ३० भागिले ५: महिन्याला २१६, तेही एकही पिंजरा एकही दिवस रिकामा राहिला नाही तर. महिन्याचं देयक होतं ३४० शस्त्रक्रियांचं. आता एक तर एका पिंजऱ्यात दोन-दोन कोंबली, नाहीतर टाके ओले असताना सोडून दिली, नाहीतर कुत्री कागदावरच होती. यातलं काय झालं असेल याबद्दल आम्ही अवाक्षर काढलं नाही. आरोप केला की ठेकेदार वकिलाची नोटीस पाठवतो आणि गाडं तिथेच अडतं. आकडेमोड एका पानावर मांडली आणि ‘कृपया खुलासा व्हावा’ एवढंच लिहिलं. लेखाधिकाऱ्यांनी ते पान वाचलं आणि पुढचं देयक स्वतःहून रोखून धरलं. प्राण्यांविषयी त्यांना विशेष प्रेम नाही, पण पुढे लेखापरीक्षणात आक्षेप आला तर सही त्यांची असते.

ठेकेदाराला पैसे प्रति कुत्रा मिळतात, हे मुळाशी आहे. जेवढा लवकर पिंजरा रिकामा, तेवढा फायदा. म्हणून शस्त्रक्रियेत काढलेले अवयव जपून समितीसमोर मोजायची पद्धत आहे. आकड्याची खरी पडताळणी तीच. शेवटची मोजणी कधी झाली हे जरूर विचारा. जोडीला भुलीच्या औषधाची आणि रेबीज लसीची साठा नोंदवही घ्या. ३४० शस्त्रक्रिया आणि भुलीचं औषध दीडशेपुरतं, असं निघालं तर वेगळं काही बोलावं लागत नाही.

मृत्यूंचं बघू. केंद्राच्या वहीत तीन महिन्यांच्या मृत्यूंपुढे एकच शब्द होता: निरंक, म्हणजे एकही नाही. मेलेली जनावरं उचलणारी गाडी मात्र घनकचरा विभागाची असते आणि तिचं लॉगबुक वेगळं. त्यात त्याच तीन महिन्यांत केंद्राच्या पत्त्यावरून ९ फेऱ्या. दोन खाती एकमेकांची वही बघत नाहीत, आपण बघायची.

कोर्टाच्या आदेशांमुळे हे आता जास्त गरजेचं झालंय. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तो आदेश बदलला: रेबीजची लागण किंवा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री सोडून बाकीची नसबंदी-लसीकरण करून मूळ जागी सोडा. ७ नोव्हेंबरला मात्र शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं, क्रीडासंकुलं इथली कुत्री उचलून पुन्हा तिथे सोडू नका असं आलं. म्हणजे चार दिवसांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या पिंजऱ्यात आता काही कुत्री आयुष्य काढणार. त्यांची वेगळी यादी, वेगळी जागा, खाण्याची वेगळी तरतूद आहे का, हा प्रश्न अंदाजपत्रकाआधी विचारा. नंतर ‘निधी उपलब्ध नाही’ ऐकावं लागतं.

एक कळकळीची विनंती, पिंजरे धुणाऱ्या कामगारांशी भांडू नका. आमच्याकडे दोघं कंत्राटी होते. पगार तीन महिने थकलेला, हातमोजे एकाचेच, तेही फाटके, आणि त्यांनाच रेबीजची लस टोचलेली नव्हती. ‘लसीकरण झालेलं नाही’ हे त्यांनीच सांगितलं, रात्री डॉक्टर नसतो हेही. व्हिडिओवाल्यांना त्यांनी कधी काही सांगितलं नसतं.

एवढं हाती आलं की लोकशाही दिनात (अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तो दिवस) जा. महिन्याचा पहिला सोमवार, अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यायचा. मागण्या मोजक्या ठेवा. आम्ही तीनच ठेवल्या: दर महिन्याच्या बैठकीच्या दिवशी दोन नागरिकांना केंद्रात फेरी मारू द्या, समितीच्या सहीशिवाय देयक काढू नका, आणि फाटकावर फळा लावून काल किती आली, किती सोडली, किती मेली ते खडूने लिहा. पहिल्या दोन मान्य व्हायला सात महिने लागले. फळा आठवड्यात लागला, कारण खर्च नव्हता. त्या फळ्यावर ‘मृत’पुढे पहिल्यांदा १ लिहिलेला दिसला तेव्हा आमच्यातल्या एकीने फोटो काढून सगळ्यांना पाठवला. कुत्रं मेल्याचा आनंद नव्हता हो तो, पण निरंक संपलं होतं.

सोमवारी जाल तेव्हा अडीचलाच पोचा. तीन वाजता वही मागितली की पहिला पाऊण तास कपाटाची किल्ली कुणाकडे आहे याचा शोध चालतो.