वाचकांचे प्रश्न : विषाणू ‘दिसत नाही’, मग गोळी कशासाठी?

प्रश्न : मला एचआयव्हीची लागण असून चार वर्षांपासून मी एका विशेष उपचार केंद्रात रोज गोळी घेतो. तीन वर्षे अहवालात विषाणू मोजता न येण्याइतका कमी आहे. आता तेथील डॉक्टरांनी एका संशोधनाबद्दल विचारले आहे. त्यात काही आठवडे औषध थांबवायचे आहे. मी बरा झालो, असे समजावे का? आणि नकार दिल्यास उपचार बिघडतील का?

उत्तर : आपण बरे झालेले नाही, परंतु औषधाने आपले काम चोख बजावले आहे. अहवालातील ‘आढळला नाही’ हा शेरा केवळ रक्तात फिरणाऱ्या विषाणूपुरता असतो. त्याची जनुकीय प्रत रोगप्रतिकारशक्तीच्या काही सीडी४ पेशींमध्ये (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींमध्ये) निद्रिस्त पडून असते आणि तेथे गोळी पोहोचूनही उपयोग होत नाही, कारण गोळी विषाणूची वाढ रोखते, झोपलेल्या विषाणूला हात लावत नाही. हा साठा इतका सावकाश घटतो, की केवळ गोळ्यांच्या बळावर तो संपायला सत्तरहून अधिक वर्षे लागतील, असा हिशेब संशोधकांनी मांडला होता. म्हणूनच औषध थांबवल्यावर बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू परततो.

औषधाला अधूनमधून विश्रांती देण्याची कल्पना पूर्वी गांभीर्याने तपासली गेली आहे. ‘स्मार्ट’ या चाचणीत ५,४७२ जण सहभागी होते. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सीडी४ पेशी ३५० च्या वर असताना औषध बंद आणि २५० च्या खाली गेल्यावर पुन्हा सुरू, असा क्रम एका गटाला दिला होता. औषध सतत घेणाऱ्यांच्या तुलनेत त्या गटात संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती खालावल्यावर गाठणारे आजार) व मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट निघाल्याने २००६ मध्ये तो क्रम थांबवावा लागला. तेव्हा स्वतःच्या मनाने एक आठवडाही औषध सोडू नका.

आपल्याला विचारलेला प्रयोग मात्र वेगळ्या जातीचा असावा. निद्रिस्त साठ्यावर एखादा नवा उपाय चालतो की नाही, हे औषध थांबवल्याशिवाय कळत नाही, ही या संशोधनाची खरी अडचण आहे. असे प्रयोग अल्पकाळाचे असतात आणि रक्त वारंवार तपासले जाते. संमतिपत्र घरी आणून वाचा. विषाणू किती वाढल्यावर गोळी पुन्हा सुरू होणार, हा आकडा त्यात स्पष्ट असला पाहिजे. आपल्याला हिपॅटायटिस बी आहे का, हेही विचारा. एचआयव्हीची काही औषधे त्यालाही दाबून ठेवतात आणि ती अचानक बंद झाल्यास यकृताचा दाह उसळू शकतो.

नकार देण्यासाठी कारण सांगावे लागत नाही. होकारानंतरही केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बदलता कामा नयेत.

आपण न विचारलेली, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची बाब जोडीदाराची आहे. विषाणू दबलेला असताना लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे आता पक्के सिद्ध झाले आहे. औषध थांबले, की ही हमीही थांबते. त्या काळात निरोध वापरावा लागेल आणि लागण नसलेल्या जोडीदाराने प्रतिबंधक गोळी घ्यावी का, हे सही करण्यापूर्वी डॉक्टरांसमोर दोघांनी मिळून ठरवावे.