पंक रॉक ऐकून मुलाचं डोकं बिघडेल का?
दापोलीचे आहात, म्हणजे शिमग्यात होळीभोवती बोंब मारलीच असेल. नंतर छाती हलकी वाटते ना? पंक गाण्याचंही बरंचसं तसंच: गिटारवर तीन कॉर्ड (सूरांचे मेळ), दोन-अडीच मिनिटं, आरडाओरडा, संपलं. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने ३९ चाहत्यांना आधी राग आणून दिला, मग काहींना त्यांच्याच आवडीचं मेटल-पंक (असंच दणदणीत रॉक) ऐकवलं. राग भडकला नाही, उलट हुरूप आला. (प्रयोग छोटासाच, आणि ऐकणारे आधीपासूनचे शौकीन, हेही खरं.) त्यामुळे हेडफोन काढून घेऊ नका. मात्र जेवण, झोप, समुद्रावरचं क्रिकेट सगळंच सुटलं असेल, तर ते गाण्यामुळे नाही. त्याच्याशी बोला, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. फुकट आहे.