वय ३९, २००५ चं एएनएम (सहायक नर्स-मिडवाइफचा कोर्स) झालेलं आहे. आता जीएनएमला (नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा) ॲडमिशन घेणं वेडेपणा आहे का?

नाही, वेडेपणा नाही. मी २०१६ ला ३७ व्या वर्षी जीएनएमला बसले, तेव्हा माझी मुलगी आठवीत होती.

तुम्ही लिहिलंय की इतकी वर्षं एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काम करताय आणि घरचे म्हणतात एवढा अनुभव असताना आता शाळा कशाला. खरं सांगते, या एका वाक्यासाठी उत्तर लिहायला बसलेय. बाकीचं विचारलंत त्याचं बघू.

हेच वाक्य मला आमच्या भावोजींनी ऐकवलं होतं. भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर, मुंबईला मेडिकलमध्ये कामाला. गणपतीला गावी आले होते (आम्ही गुहागर तालुक्यातले), सगळी पंगत बसलेली, मी मोदक वाढतेय आणि हे म्हणतात, वहिनी, तुम्ही दहा वर्षं इंजेक्शनं देताय, सलाईन लावताय, आता पोरींच्यात बसून काय एबीसीडी शिकणार? मी डी.फार्म (फार्मसीचा डिप्लोमा) न करता वीस वर्षं औषधं देतोय, एक माणूस मेला नाही माझ्या हातून. सगळे हसले. आमचे हे पण हसले, ते मी अजून विसरलेले नाही.

त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या वर्षाला सुचलं, ते पण माझीच चूक झाली म्हणून.

जुलै महिना, लावणीचे दिवस, माझी नाईट. साडेनऊच्या सुमारास एका बाईला रिक्षातून आणली, शेताच्या बांधावर फुरसं (विषारी साप) चावलेलं, पाऊल सुजलेलं आणि पोटरीला नायलॉनची दोरी करकचून आवळलेली. ती दोरी बघून माझ्या पोटात गोळा आला कारण १९९९ साली आरोग्य उपकेंद्रात असताना मी स्वतः एका आजोबांच्या मांडीला अशीच सुतळी आवळली होती, मोठ्या आत्मविश्वासाने, आणि गावाने माझं कौतुक केलं होतं. आजोबा वाचले पण माझ्यामुळे नाही, पाय मात्र हॉस्पिटलला पोचेपर्यंत काळानिळा पडला होता. आवळायचं नसतं, पाय हलू न देता सरळ हॉस्पिटल गाठायचं असतं. हे मला इतक्या वर्षांच्या "अनुभवात" कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी कोणाला विचारलंच नव्हतं.

तर त्या बाईची सासू. तिने माझ्या वेणीतले पांढरे केस बघितले आणि मलाच मोठी सिस्टर समजली. ड्युटीवरची स्टाफ सिस्टर चोवीस वर्षांची, तिच्याकडे ही बघेच ना. "बाय, तुमीच बगा गो, फुरश्यानं डसलान माज्या सुनंला." मला कुठेतरी बरं वाटलं, खोटं का बोलू.

डॉक्टरांनी वीस मिनिटांची टेस्ट सांगितली. शिरेतून दोन एमएल रक्त काढायचं, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घालायचं (प्लॅस्टिकची चालत नाही), आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग एकदाच आडवी करून बघायची. रक्त गोठलं तर ठीक, पातळच राहिलं तर फुरश्याचं किंवा घोणसाचं विष भिनलंय, एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) सुरू करायचं. सिस्टरने नळी स्टँडला ठेवली आणि मला म्हणाली बसा इथे, घड्याळ बघा. आणि मी काय केलं, तर सासू सारखी विचारतेय काय झालं काय झालं म्हणून बाराव्या मिनिटाला नळी उचलून तिरकी करून बघितली. का, तर दवाखान्यात मी नेहमी असंच सगळं हाताळून बघायचे. अनुभव!

सिस्टरने बघितलं. त्या पोरीने सासूसमोर, दोन मावशींसमोर आणि वॉर्डमधल्या मामांसमोर मला जे झाडलं ते इथे लिहीत नाही. परत रक्त, नवी नळी, परत वीस मिनिटं. ती वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. नळी आडवी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. एएसव्हीच्या दहा व्हायल (छोट्या बाटल्या) लागल्या सुरुवातीला, त्या फेस होऊ न देता हळूहळू फिरवत विरघळवायला सिस्टरने मलाच बसवलं, शिक्षा म्हणून की शिकवायला म्हणून देव जाणे. सहा तासांनी परत टेस्ट. बाई वाचली, पाचव्या दिवशी घरी गेली.

तर अनुभव आहे म्हणून शाळा नको हे साफ चूक आहे, अनुभव आहे म्हणूनच शाळा पाहिजे. दहा वर्षं मी सलाईनचं चाक डोळ्याच्या अंदाजाने फिरवत होते. पहिल्या वर्षाला कळलं की याला हिशेब असतो, ५०० एमएल आठ तासांत, सेट एमएलला २० थेंबांचा, तर मिनिटाला २१ थेंब. तो हिशेब मला माझ्या मुलीने फोनवर समजावला, ते पण रात्री दहाच्या आत, कारण दहाला वॉर्डन सगळ्यांचे फोन जमा करायची, त्यात माझाही, जिचं लग्न होऊन पंधरा वर्षं झाली तिचा.

मुलींसोबत बसायला कसं वाटतं विचारलंत. पहिले दोन महिने काकी म्हणतात, मग ताई म्हणतात, मग तुमच्या केस स्टडी कॉपी करतात. अभ्यास झेपतो. मायक्रोबायोलॉजी जड जाते, ती त्या अठरा वर्षांच्या पोरींनाही जड जाते. झेपत नाही ते आपल्यापेक्षा लहान माणसाकडून चारचौघांत ओरडा खाणं. तेवढं जमणार असेल तर जा, नसेल तर खरंच जाऊ नका.

वयाचं म्हणाल तर १७ ते ३५ ची अट आहे पण एएनएम झालेल्यांना ती लागत नाही, माझी ॲडमिशन त्यावरच झाली. फी सरकारी आणि प्रायव्हेटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक, कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का ते स्वतः बघा, एजंटावर जाऊ नका. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी पण करता येतं, मी नाही केलं.

आता एक गोष्ट जी मी आधी सांगायला हवी होती. सरकारी कायम नोकरीसाठी करत असाल तर हिशेब करा, खुल्या गटाला ३८ आणि राखीवला ४३ अशी वयाची मर्यादा आहे, कोर्स तीन वर्षांचा, तुम्ही बाहेर पडाल तेव्हा ४२-४३. मलाही ती नोकरी मिळाली नाही, कंत्राटावर आणि मग प्रायव्हेटला आहे. पगार एएनएमपेक्षा बरा. गुडघे मात्र नाईटला बोलतात.

भावोजी अजून तेच म्हणतात. गेल्या गणपतीत सासूबाईंसाठी बीपीचं मशीन घेऊन आले आणि जाड स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा बांधून १७० आलं म्हणून घर डोक्यावर घेतलं. मी बाही वर केली, पाच मिनिटं त्यांना गप्प बसवलं, परत मोजलं, १३८. कोणी काही बोललं नाही, आमचे हे तेवढे हसले.

आणि हो, तुमचं एएनएमचं रजिस्ट्रेशन रिन्यू केलेलं नसेल तर फॉर्म भरायच्या आधी ते करून घ्या, माझे त्यात दोन महिने गेले होते.