किल्ला दिसत होता, मग विमान का नाही उतरलं?

प्रश्न : जानेवारीत नातवाची मुंज होती. मुलगी आणि जावई बंगलोरच्या फ्लाइटने ग्वाल्हेरला येत होते, विमान गावावर आलं, एकदा बरंच खाली आलं आणि मोठा आवाज करत परत वर गेलं, थोडा वेळ फिरलं आणि मग दिल्लीला नेलं. तिथून टॅक्सी करून येईपर्यंत मुहूर्त टळला. जावई म्हणतात खिडकीतून किल्ला स्वच्छ दिसत होता, रनवेसुद्धा दिसला. मग पायलटला काय अडचण होती, नवशिका होता का?
(एक आजी, जनकगंज, लष्कर)

उत्तर : आजी, मुंजीला मुलगी-जावई वेळेवर पोचले नाहीत याचं मलाही वाईट वाटलं, पण त्या पायलटला नवशिका म्हणू नका. जावयांना दिसलं ते खरंच दिसलं, त्यात खोटं काही नाही. आपल्याकडचं जानेवारीचं धुकं पुष्कळदा जमिनीला चिकटून असतं, शे-दीडशे फुटांचा थर, किल्ला डोंगरावर असल्यामुळे त्याच्या वर डोकं काढून उभा. आणि वरून सरळ खाली बघितलं की नजरेला फक्त तेवढाच पातळ थर ओलांडायचा असतो म्हणून रनवेही दिसतो. पण विमान सरळ खाली उतरत नाही ना, ते साधारण 3 अंशांच्या उतारावरून तिरकं येतं, आणि 150 फुटांचा तोच थर तिरका ओलांडायचा म्हटलं की पाऊण किलोमीटरच्या वर धुकं मधे येतं. घरी मच्छरदाणी लावलेली असेल तर करून बघा, जाळीतून समोर बघा आणि मग जाळीला गाल लावून तिच्या कडेकडेने बघा, जाळी तीच पण दुसऱ्या वेळी पलीकडचं काहीच दिसणार नाही. वरून दिसलेला रनवे अगदी शेवटच्या क्षणी नाहीसा होतो तो असा, आणि त्यात भले भले फसलेत.

म्हणून प्रत्येक विमानतळासाठी खाली यायची एक उंची आधीच ठरलेली असते. साध्या आयएलएसवर, म्हणजे रेडिओच्या खुणांनी विमानाला रनवेपर्यंत आणणाऱ्या यंत्रणेवर, ती साधारण 200 फूट, आणि जिथे तेवढीही यंत्रणा नाही तिथे आणखी वर. तिथपर्यंत आल्यावर रनवे किंवा त्याचे दिवे दिसले नाहीत तर वर जायचं, थोडं अजून खाली जाऊन बघू वगैरे काही नाही. 200 फुटांवरून चाकं टेकायला पंधरा-सतरा सेकंद लागतात, आणि त्यातले तीन-चार विचार करण्यात गेले तर मग निर्णय आपल्या हातात राहत नाही. तुम्ही जो मोठा आवाज ऐकलात तो त्या पायलटने वेळेत घेतलेल्या निर्णयाचा होता.

मी बावीस वर्षं छोटी विमानं उडवली. एकदा असाच धुक्यात एका हवाईपट्टीवर उतरायला निघालो होतो, मागे बसलेले गृहस्थ मोठे होते, सभा होती, ते माझ्या सीटमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले कॅप्टनसाहेब उतरवा हो, लोक थांबलेत. पहिल्यांदा वर गेलो. दुसऱ्यांदा मी ठरलेल्या उंचीच्या खाली गेलो, कळत होतं तरी गेलो, आणि डाव्या खिडकीबाहेर विजेचा खांब दिसला, खाली नाही, बाजूला, त्यावरची पांढरी चिनी मातीची भांडी मोजता आली असती इतक्या जवळ. मग मात्र थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा जोर वाढवायचे दांडे, पुढे ढकलले आणि परत नेलं. त्या गृहस्थांनी परतीच्या वाटेत एक शब्द बोलला नाही, मालकांनी दुसऱ्या दिवशी बरंच ऐकवलं. मला अजून तो खांब आठवतो.

विमान पाडायला दरवेळी इंजिनच बंद पडावं लागतं असं नाही, पोचलंच पाहिजे हा हट्टही पुरतो. 22 मे 2010 ला मंगळूरला 158 माणसं गेली, विमान फार उंचावरून आणि वेगात आलं होतं, शेजारी बसलेला को-पायलट गो अराउंड, म्हणजे न उतरता परत वर चला, म्हणत होता तरी लँडिंग चालू ठेवलं. 7 ऑगस्ट 2020 ला कोळिकोडला पाऊस, मागून वारा, चाकं निम्मा रनवे संपत आल्यावर टेकली, 21 जीव गेले आणि त्यात दोन्ही पायलट. त्यातले कॅप्टन हवाई दलात नाव कमावलेले, हजारो तास उडवलेले होते, तिथेही गो अराउंडची हाक दिली गेली होती, आणि चौकशी अहवालात हेही आलं की दुसऱ्या दिवशी सकाळची फ्लाइट तिथूनच न्यायची होती, तो विचार डोक्यात असावा. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या विमानसुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने अभ्यास केला तेव्हा दिसलं की बिघडलेल्या अशा 100 लँडिंगपैकी 97 वेळा पायलट तसंच पुढे उतरवतात. तुमच्या जावयांचा पायलट उरलेल्या तिघांसारखा वागला, आजी.

प्रश्न : आपला रनवे एअरफोर्सचा, चांगला लांब. मग ग्वाल्हेरला भीती कशाची?
(एक वाचक, दौलतगंज)

उत्तर : लांबीने खूप गोष्टी माफ होतात, सगळ्या नाही. 6 मे 2021 च्या रात्री रेमडेसिविर घेऊन आलेलं राज्य सरकारचं विमान इथेच अरेस्टर बॅरियरला धडकलं, म्हणजे लढाऊ विमान थांबवायची ती जाळी, आणि आतले तिघे जखमी झाले. लहान विमानतळावर अशी त्या त्या जागेची एखादी गोष्ट असतेच, ती आधी विचारून घ्यावी लागते. जबलपूरला डिसेंबर 2015 मध्ये लँडिंगच्या वेळी रानडुकरं आडवी आली. तिथेच मार्च 2022 मध्ये एटीआर (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) फार पुढे जाऊन टेकलं आणि रनवेबाहेर गेलं, सुदैवाने कुणाला लागलं नाही, पण दोन्ही पायलटची लायसन्सं वर्षभरासाठी गेली.

प्रश्न : मुलगा पायलट ट्रेनिंग करतोय, आता एकट्याने दुसऱ्या गावच्या पट्टीवर उतरायला जाणार आहे. झोप लागत नाही. त्याला काय सांगू?
(एक आई, मुरार)

उत्तर : ताई, त्याचे इन्स्ट्रक्टर त्याला सगळं सांगतील, तरी तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. अनोळखी पट्टीवर आधी वरून एक फेरी मारायची, विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, बघायचा (फाटका असला तर धूर किंवा झाडं बघायची), गुरं नाहीतर नीलगायी असल्या तर त्या हलेपर्यंत उतरायचं नाही. निघायच्या आधीच ठरवायचं की रनवेचा पहिला तिसरा हिस्सा संपेपर्यंत चाकं टेकली नाहीत तर परत वर, तिथे गेल्यावर ठरवू म्हटलं की हात उतरवायच्या बाजूलाच जातो. मे महिन्यात 45 डिग्रीला आपल्याकडची हवा चार-एक हजार फुटांवरच्या हवेसारखी विरळ होते, काट्यावर वेग नेहमीचाच दिसतो पण जमिनीवरून विमान जास्त जोरात धावत असतं आणि थांबायला जास्त पट्टी खातं, म्हणून शक्यतो सकाळी लवकर जाऊन येऊ दे.

आणि एक तुमच्याकडून. कधी पोचतोस, जेवायला थांबू का, असं त्या दिवशी निघायच्या आधी विचारू नका, आणि फोनही करू नका. उतरला की तो स्वतः करेल, मग ते गाव ठरलेलं असो की वाटेतलं दुसरंच.