झालाच आहे, फक्त संपत नाहीये

"मॅडम, थिसिस झालाच आहे हो. फक्त संपत नाहीये."

खुर्चीत बसता बसताच त्या हे बोलल्या आणि हसल्या. त्या हसण्यामागे बरंच रडून झालं होतं हे कळायला समुपदेशक असावं लागत नाही. 'शेवटचं थोडंसंच राहिलंय' म्हणत दीड-दोन वर्षं तिथेच अडकलेली चार-पाच माणसं दरवर्षी माझ्याकडे येतात. म्हणून यांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पस्तिशीच्या पुढचं वय. नाशिकमधल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवायचं, नवरा सातपूरला कंपनीत, मुलगा सातवीत. माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागायतदारांचं. पीएचडीचं संशोधनही लहान द्राक्षबागायतदारांच्या कर्जावरच. चार प्रकरणं मार्गदर्शक सरांनी वाचून परत दिलेली, पाचवं अर्धवट, निष्कर्ष बाकी. नोंदणीला सहा वर्षं होत आलेली.

पहिली चूक माझी झाली. मी त्यांना वेळापत्रक करून दिलं, पहाटे पाच ते सात लेखन. तिसऱ्या आठवड्यात त्या आल्याच नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, "काहीच झालं नाही, म्हणून यायची लाज वाटली." म्हणजे धाक वाटायला एक सर होतेच, त्यात मी दुसरी सर होऊन बसले! वेळापत्रक तिथेच सोडलं आणि म्हटलं, पुढच्या वेळी नुसता थिसिस घेऊन या.

त्यांनी लॅपटॉप उघडला. पाचव्या प्रकरणाच्या फायली सहा: फायनल, फायनल दोन, फायनल नवीन, सरांना दाखवायचं फायनल... पुढची नावं वाचताना दोघीही हसलो. मग मी विचारलं, "राहिलंय काय काय?" उत्तर आलं, "खूप." हे 'खूप' कागदावर उतरवायला पाऊण तास लागला. चौदा गोष्टी निघाल्या. त्यातल्या डोकं लावावं लागेल अशा फक्त तीन. बाकीच्या तक्त्यांचे क्रमांक, संदर्भसूचीतले स्वल्पविराम, प्रश्नावलीचं परिशिष्ट, ऋणनिर्देश असल्या, हाताने उरकायच्या. कॉलेज, स्वयंपाक, मुलाचा अभ्यास आटोपून रात्री दहाला त्या निष्कर्ष लिहायला बसत आणि झोपेने डोळे मिटले की स्वतःला आळशी म्हणत. ठरलं ते एवढंच: रात्री हातकाम, आणि रविवारी सकाळी गंगापूर रोडच्या एका अभ्यासिकेत डोक्याचं काम. त्या वेळात मुलाकडे नवरा बघेल, हे त्यांनी घरी स्पष्ट सांगायचं. मागितल्याशिवाय मिळत नाही, हे बायकांना मला फार वेळा सांगावं लागतं.

भीतीचे दोन कागद तर त्यांनी नीट पाहिलेच नव्हते. एक, मुदतीचा. 'आता नोंदणी रद्द होणार' या धास्तीने झोप उडाली होती, पण नियम वाचलेला नव्हता. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या पीएचडी नियमांत सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि स्त्री संशोधकांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे. आधीच्या नोंदणीला आधीचे नियम लागतात, म्हणून त्यांना विद्यापीठाच्या विभागात जाऊन स्वतःची तारीख लिहूनच आणायला सांगितलं. दुसरा, प्लेजरिझमचा रिपोर्ट, म्हणजे आपला मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतो ते सांगणारा. 17 टक्के आकडा बघून त्यांनी तो बंद केला होता. 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही, आणि संदर्भसूची, अवतरणचिन्हांतला नाव देऊन घेतलेला मजकूर वगैरे त्या मोजणीत धरायचंच नसतं, हे यूजीसीच्याच 2018 च्या नियमांत आहे. ग्रंथालयातून तो नीट काढून घेतला तेव्हा आकडा 8 वर आला.

सरांना मात्र पाच महिने फोन नव्हता. "काय तोंडाने करू?" माझ्यासमोर बसून त्यांनी मेसेज लिहिला. पहिल्या मसुद्यात तीन वेळा 'क्षमस्व' होतं, तिन्ही काढायला लावले. उरलं ते असं: 'सर, पाचवं प्रकरण सोबत पाठवते आहे. तक्ता सात आणि त्यावरचं विवेचन बरोबर आहे का, एवढं पाहावं ही विनंती. शनिवारी भेटायला येऊ का?' वीस मिनिटांत उत्तर आलं. 'ये.' त्या एका अक्षराकडे त्या बघतच राहिल्या.

तरी निष्कर्ष पुढे सरकेनात. दर रविवारी एखादा नवा लेख सापडे आणि तोही घ्यावासा वाटे. मला द्राक्षातलं खाण्यापलीकडे काही कळत नाही, म्हणून सहज विचारलं, वेलीवर येतील तेवढे सगळे घड ठेवतात का हो? "छे! विरळणी करावी लागते. नाहीतर मण्याची फुगवण होत नाही," त्या पटकन म्हणाल्या, आणि गप्प झाल्या. बऱ्याच वेळाने बोलल्या, "वडील चांगले घडसुद्धा काढतात. लहानपणी मला रडू यायचं."

त्याच दिवशी खरं बाहेर आलं. "मॅडम, नावापुढे डॉक्टर लागलं आणि नोकरी तासिकेवरचीच राहिली तर? आत्ता निदान 'पीएचडी चालू आहे' असं सांगता तरी येतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तसं मी सांगितलं. कायम जागा निघणं त्यांच्या हातात नाही, माझ्याही नाही. पण ही भीती थिसिसची नाही, त्यानंतरच्या आयुष्याची आहे, आणि तिच्यासाठी थिसिस अडवून धरला तर ती कमी होत नाही, फक्त फी वाढत जाते. त्या दिवशी आम्ही थिसिसबद्दल पुढे बोललोच नाही. नोकरी, सासर, चाळिशी, असंच काहीबाही. पुढच्या दोन रविवारी मिळून निष्कर्षाची अकरा पानं झाली.

सगळ्यांचं इतक्यावर भागत नाही. झोप-जेवण तुटलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर प्रबंध बाजूला ठेवून आधी डॉक्टर. मानसिक आधारासाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी फोन क्रमांक रात्रीही चालू असतो.

सबमिशनच्या दिवशी त्यांचा फोटो आला. माहेरच्या ओट्यावर द्राक्षांचा क्रेट, त्यावर बांधलेली प्रत. खाली ओळ होती: 'मॅडम, पान 143 वर एक चूक सापडली.'

मी लिहिलं, 'व्हायव्हानंतर दुरुस्त करा. आता द्राक्षं खा.'