'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेत स्पॉकची भूमिका करणारा अभिनेता लेनर्ड निमॉय याची दोन आत्मचरित्रं आहेत, त्यातलं आधी कोणतं वाचावं?

एकच घ्यायचं असेल तर १९९५ चं 'आय अ‍ॅम स्पॉक' घ्या. १९७५ चं 'आय अ‍ॅम नॉट स्पॉक' नंतर वाचलं तरी चालतं. कारण साधं आहे. पहिलं पुस्तक आलं तेव्हा 'स्टार ट्रेक'चे चित्रपट निघालेच नव्हते. दुसऱ्यात ते सगळे येतात, शिवाय निमॉयने स्वतः दिग्दर्शित केलेले तिसरा (१९८४) आणि चौथा (१९८६) हेही. बोटांची ती प्रसिद्ध 'व्हल्कन' (स्पॉकच्या परग्रहवासी जमातीची) खूण कुठून आली हेही त्यात आहे: लहानपणी निमॉयने सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, पुरोहितांना आशीर्वाद देताना पाहिलं होतं, हाताचा तो आकार म्हणजे हिब्रू 'शिन' हे अक्षर. पहिल्याच्या नावाने मात्र घोळ घातला. निमॉयला भूमिकेचा कंटाळा आलाय असा चाहत्यांनी अर्थ काढला, आणि बऱ्याच जणांनी तो पुस्तक न उघडताच काढला! आत तसं काही नाही. उलट निमॉय आणि स्पॉक यांचे काल्पनिक संवाद आहेत, आणि माझ्या मते त्या पुस्तकातला सर्वांत मजेदार भाग तोच.

जुनं पुस्तक मागवताना नावात एकाच शब्दाचा फरक आहे हे लक्षात ठेवा आणि प्रकाशनवर्ष तपासा, नाहीतर भलतंच हातात पडतं. फक्त अभिनेता आणि पात्र यांच्यातली ओढाताण वाचायची असेल, तर क्रम उलटा करा. निमॉयचे कवितासंग्रह आणि छायाचित्रांची पुस्तकं वेगळी आहेत, त्यांत स्पॉक शोधू नका.